तपासून घेतलेली गादी

हिकमेत बे त्या व्याख्यानाला गेले ते काही विकत घ्यायला नव्हे, तर दुसऱ्या कुणी काही विकत घेऊ नये म्हणून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे घडलं त्यावरून लोकांचा भलताच समज होतो, आणि स्वतः हिकमेत बे तर आजही कुणी विषय काढला की आधी हेच वाक्य म्हणतात, मग खाली बघतात.

अखिसारच्या नगरपालिकेत त्यांनी उभा जन्म बाजार निरीक्षक म्हणून काढला. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की कसाई आपला अंगठा तराजूपासून वीतभर लांब धरायचे. दह्यातलं पाणी, मधातला पाक, ऑलिव्हच्या तेलातलं भलतंच तेल, सगळं ते बोट बुडवून, जिभेला लावून, डोळे मिटून सांगत. निवृत्तीनंतर गणवेश गेला, पण नजर गेली नाही. गावात कुणाला फ्रिज घ्यायचा असो, मुलीच्या लग्नाचा गालिचा असो, नाहीतर नुसतं खरबूज, आधी यांच्या दारावर थाप पडायची. "हिकमेत अबी, जरा येता का?" अबी म्हणजे थोरला भाऊ, आणि असा थोरला भाऊ अख्ख्या गावाला एकच. ते यायचे, खरबुजाचा देठ हुंगायचे, बुडाला टिचकी मारायचे आणि काही न बोलता दुसरं उचलायचे. त्या न बोलण्यालाच दुकानदार घाबरायचे. त्यांच्या नावातच हिकमत होती आणि ती आपल्या अंगातही आहे यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

हा विश्वास नसलेली एकच व्यक्ती गावात होती, ती म्हणजे त्यांची बायको मेलाहत हानिम; बे म्हणजे राव, तशी हानिम म्हणजे बाई. "मला बघायला आले होते ना," ती म्हणायची, "तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. हे कॉफीच्या कपात बघत होते, माप पुरतं भरलंय का म्हणून."

तर एके दिवशी त्यांच्या इमारतीच्या दारावर एक रंगीत आमंत्रण लागलं. गुडघे, कंबर आणि झोप या विषयावर मोफत आरोग्य व्याख्यान. स्थळ, गावातलं मंगल कार्यालय. दुपारचं जेवण, आणि येणाऱ्या प्रत्येक घराला दुमजली चहाची किटली भेट. हिकमेत बे यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि जिन्यातच निकाल दिला. "फुकटची किटली म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ."

पण तळमजल्यावरच्या सब्रियेमावशींनी तोवर ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधलाही होता. मावशी पंच्याहत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहायच्या. मुलगा जर्मनीत, गुडघे इथे. मेलाहत हानिम नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "ती एकटी गेली तर कफनाचे पैसे घालवून येईल. बे, तुम्ही जा तिच्याबरोबर."

कफनाचे पैसे म्हणजे आपल्या मरणाचा भार कुणावर पडू नये म्हणून म्हाताऱ्या माणसांनी उशाखाली बांधून ठेवलेली पुरचुंडी. त्या पैशाला घरचेसुद्धा हात लावत नाहीत. हिकमेत बे यांनी कोट चढवला. कितीतरी दिवसांनी त्यांना छाप्याला निघाल्यासारखं वाटत होतं.

वाटेत त्यांनी मावशींना पढवलं. "मावशी, कशावरही सही करायची नाही. ओळखपत्र पिशवीतून बाहेर काढायचं नाही. आणि कुणी गोड आवाजात 'आई' म्हणालं तर समजायचं, हा विकायला आलाय."

"म्हणू दे की," मावशी म्हणाल्या. "माझा स्वतःचा मुलगा ईदेलासुद्धा विसरतो."

कार्यालयात खुर्च्यांना आदल्या लग्नाच्या गुलाबी फिती तशाच होत्या. व्यासपीठावर जिथे नवरा-नवरीचं सिंहासन असतं तिथे एक गादी मांडली होती, जांभळ्या मखमलीची, उशाशी छोटी पेटी, पेटीवर लुकलुकणारा हिरवा दिवा. आधी जेवण. कोंबडी आणि छोले घातलेला पिलाव, थंडगार ताक. हिकमेत बे यांनी पहिलं ताट भुकेपोटी खाल्लं आणि दुसरं तपासणीसाठी. लोण्यात काही खोट नव्हती. हे त्यांना जरा खटकलंच.

मग ओकताय नावाचा एक गोरागोमटा माणूस पांढरा कोट घालून उभा राहिला. आपण डॉक्टर आहोत असं तो एकदाही म्हणाला नाही. ते काम लोकांनी केलं.

"रक्त म्हणजे काय?" त्याने विचारलं. "नदी! आणि तुमच्या नदीत वर्षानुवर्षं काय साचलंय? गाळ! गोळ्या खाता, गाळ वाढतो. गाळ वाढला की आणखी गोळ्या. मायबाप, नदीला गोळी लागते का? नदीला लागतो प्रवाह! आणि प्रवाह कोण देतं? चुंबक!"

बायका हळहळल्या. आपल्या आत इतका गाळ आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. सब्रियेमावशी गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होत्या आणि मधूनमधून हिकमेत बे यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. हिकमेत बे मान हलवत होते. ही त्यांची कामावरची जुनी सवय. बनेल दुकानदार बोलायला लागला की ते अशीच मान हलवत, म्हणजे तो आणखी बोलतो आणि आपणहून फसतो. पण ही मान कशासाठी हलते आहे हे शेजारी बसलेल्या म्हातारीला कसं कळावं?

योग्य वेळ साधून ते उठले. "या गादीला सरकारी मान्यता आहे? प्रयोगशाळेचा दाखला आहे?"

ओकतायच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. तो खाली उतरला, दोन्ही हात पसरून आला आणि त्याने हिकमेत बे यांना चक्क मिठी मारली. "मी याच माणसाची वाट बघत होतो! आपण कोण साहेब?"

"निवृत्त बाजार निरीक्षक."

"टाळ्या वाजवा, टाळ्या! मी गावोगाव हिंडतो, मेंढरं खूप भेटतात, मेंढपाळ आज भेटला. निरीक्षकसाहेब, माझ्या दाखल्यांवर मुळीच विश्वास ठेवू नका. कागद काय, कुणीही छापतं. तुम्ही स्वतः तपासा. तुम्ही म्हणालात 'वाईट', तर मी ही गादी इथेच जाळतो!"

आता यात काय चूक होती सांगा. कुठल्याही प्रामाणिक व्यापाऱ्याने असंच म्हणायला हवं, आणि अख्ख्या नोकरीत एकही व्यापारी असं म्हणाला नव्हता. हिकमेत बे व्यासपीठावर कसे पोचले ते त्यांना कळलं नाही. बुर्चू नावाच्या एका हसऱ्या मुलीने त्यांचे बूट काढले आणि समोर 'तपासणी अहवाल' असं ठळक छापलेला कागद धरला. निवृत्त झाल्यापासून त्यांनी तपासणी अहवाल हातात धरला नव्हता. हात आपोआप पेनकडे गेला. सही करून ते गादीवर आडवे झाले, पेटी गुणगुणायला लागली, गादी ऊबदार झाली, आणि पोटात दोन ताटं पिलाव होता.

ते झोपले. नुसते झोपले नाहीत, घोरले. ओकतायने हलकेच माईक त्यांच्या तोंडाशी नेला. निरीक्षकांचं घोरणं मंगल कार्यालयाच्या चारी भिंतींवर आदळत राहिलं आणि लोक श्वास रोखून ऐकत राहिले, जणू मोठा गवई गातोय.

जाग आली ती टाळ्यांनी.

"कसं वाटलं साहेब? खरं सांगा, अगदी खरं!"

हिकमेत बे यांनी आयुष्यात खोटा अहवाल दिला नव्हता. "खरं सांगायचं तर," ते माईकमध्ये म्हणाले, "बरं वाटलं."

लोक उठले ते थेट टेबलांकडे. बुर्चूने त्यांना हात धरून व्यासपीठाच्या पायऱ्यांवरून खाली उतरवलं. "बाबा, निरीक्षकांसाठी खास सवलत आहे. दुसऱ्या कुणाला सांगू नका हं." आणि ज्याने मावशींना ओळखपत्र बाहेर काढू नका म्हणून बजावलं होतं त्या माणसाने हप्त्यांच्या कागदासाठी कोटाच्या आतल्या खिशातून आपलं ओळखपत्र काढून दिलं. दाराशी जेलाल मास्तर भेटले. निवृत्त शिक्षक, चहाखान्यातले दोस्त. "अबी, तुम्ही झोपलात म्हणून आमचा विश्वास बसला," ते म्हणाले. त्यांच्या हातात पावती होती.

परतताना मावशींच्या मांडीवर किटली होती. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. हिकमेत बेही बोलले नाहीत. आपण मावशींना सुखरूप परत नेतोय एवढंच एक समाधान त्यांनी स्वतःपाशी ठेवलं होतं.

गादी आली तेव्हा घरात अजून कुणाला काही माहीत नव्हतं. ती आपणहूनच सगळ्यांना माहीत झाली, कारण ती जिन्यात अडकली. दोन हमाल खाली, दोन वर आणि मध्ये जांभळी मखमल. वरच्या मजल्यावरचा हामदी कठड्यावरून वाकला. "तिरपी करा!" तिरपी केली. "उभी करा!" उभी केली, तशी छताचा गिलावा पडला. समोरच्या इमारतीतल्या एका बाईने बाल्कनीतून सल्ला दिला की दोर बांधून वर ओढा, तिच्या बहिणीचा पियानो तसाच नेला होता. "मग पियानोचं काय झालं?" कुणीतरी विचारलं. "पडला," बाई म्हणाली. शेवटी गादी दोर बांधून बाल्कनीतून आत आली. तोपर्यंत खाली इतकी गर्दी जमली होती की शेंगोळ्यासारखे गोल सिमित पाव विकणाऱ्याने आपली गाडी तिथेच लावली.

मेलाहत हानिमने गादीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"गादी."

"ती दिसतेय. तुम्ही मावशीची राखण करायला गेला होता."

"तपासणीसाठी घेतली आहे."

"तपासणी किती दिवस चालणार?" तिने विचारलं, आणि उत्तरही तिनेच दिलं. "हप्ते फिटेपर्यंत."

त्या संध्याकाळी गावात एकूण एक माणूस टीव्हीसमोर फुटबॉल बघत बसला होता. हिकमेत बे यांनी पेटीचं बटण दाबलं, आणि फट् आवाज होऊन सगळी इमारत अंधारात गेली. जिन्यातून हामदीचा आवाज आला, "गोल झाला का? अरे, गोल झाला का?" झाला होता. इमारतीत तो कुणीच पाहिला नाही. आजही हामदी त्या गोलाबद्दल बोलताना हिकमेत बे यांच्या दाराकडे बघून बोलतो.

बरं, झोपेचं म्हणाल, तर त्या मखमलीवर पिलावाशिवाय झोप लागत नाही असं लवकरच लक्षात आलं. मध्यभागी खड्डा, खड्ड्यात चुंबक, आणि चुंबकाची कड बरोबर कमरेच्या मणक्याखाली. हिकमेत बे सकाळी अंथरुणातून उठत ते खेकड्यासारखे. मेलाहत हानिम पहिल्याच दिवशी दिवाणखान्यातल्या कोचावर राहायला गेली. गादी मनापासून आवडली ती फक्त गल्लीतल्या मांजराला.

हे सगळं खरं खरं सांगून टाकलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण चहाखान्यात पाऊल टाकलं की तवला या सोंगट्यांच्या खेळातले फासे थांबत आणि कुणीतरी विचारी, "अबी, झोप कशी लागते?"

"कापसासारखी," हिकमेत बे म्हणत आणि कण्हणं गिळून खुर्चीत बसत.

काय करणार? अर्ध्या चहाखान्याने त्यांच्या घोरण्यावर विसंबून गाद्या घेतल्या होत्या. आणि मौज अशी की प्रत्येकाची कंबर दुखत होती, पण निरीक्षकांना कापसासारखी झोप लागते म्हटल्यावर दोष आपल्याच शरीरात असणार असं धरून सगळे गप्प होते. जेलाल मास्तर तर म्हणाले, "माझा गाळच फार जुना असेल." हिकमेत बे यांचे कान तापले. पण तोंडून निघालं ते असं, "नेटाने झोपा मास्तर, फरक पडेल."

मग बेकरीच्या काचेवर ती जाहिरात लागली. जांभळ्या गादीवर तोंड उघडं टाकून झोपलेले हिकमेत बे, पायातल्या मोज्याला भोक, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'बाजार निरीक्षकांनी तपासली, आणि तिथेच झोप लागली!' पुढचं व्याख्यान शेजारच्या किर्काआच गावी. मेलाहत हानिम पाव आणायला गेली होती, ती पाव न घेताच परत आली. "चेहऱ्याचं सोडा," ती म्हणाली, "पण तो मोजा मी रफू करायला काढून ठेवला होता. मला न विचारता घातलात कसा?"

हिकमेत बे यांनी त्या आठवड्यात बेकरीची गल्ली टाळली. पुढच्या आठवड्यात चहाखान्याचीही.

एका सकाळी सब्रियेमावशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या सापडल्या. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे, डोळ्यांसमोर सगळं फिरतंय म्हणत होत्या. हामदीने गाडी काढली, हिकमेत बे यांनी त्यांना धरून बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, रक्तदाबाच्या गोळ्या घेता ना?"

"बंद केल्या पोरी. गाळ होतो."

"कुणी सांगितलं?"

"व्याख्यानात सांगितलं. त्याच्यावर मी विश्वास ठेवला नसता," मावशी आडव्या पडल्यापडल्या समजुतीने म्हणाल्या, "पण आमच्या इमारतीत हिकमेत बे आहेत, मोठे निरीक्षक होते. ते माझ्या शेजारी बसून मान हलवत होते. मग ते स्वतः गादीवर झोपून आले. ते झोपले होते तेव्हाच मी सही केली. मला म्हणाले होते सही करू नका. पण आधी म्हणाले होते आणि मग स्वतःच झोपले, म्हणजे त्यांचं मत बदललं असणार, नाही का?"

"कसली सही, मावशी?" हिकमेत बे यांनी विचारलं. पण त्यांना उत्तर माहीत होतं.

"तुझ्यासारखीच गादी, पोरा. जरा लहान घेतली. कफनाचे दिले. मुलगा रागावेल म्हणून बोलले नाही कुणाला. कपाटामागे उभी करून ठेवली आहे, मला उचलत नाही."

डॉक्टरणीने विचारलं, "आणि हे हिकमेत बे कोण?"

हिकमेत बे भिंतीवरचा दातांचा तक्ता बघत होते. हामदीही तिथे होता, आणि हामदीने आयुष्यात पहिल्यांदा दया दाखवून गप्प राहायचं ठरवलं. पण तेवढ्यात मावशींनी कौतुकाने बोट केलं. "हे काय, हेच ते."

डॉक्टरणी काही बोलली नाही. हे न बोलणं कसं असतं ते हिकमेत बे यांना चांगलं माहीत होतं. उभा जन्म त्यांनी ते दुसऱ्यांवर वापरलं होतं.

त्याच दिवशी ते ग्राहक तक्रार मंडळात गेले. खिडकीपलीकडे तुलाय हानिम बसली होती. तिच्या वडिलांचा दह्याचा धंदा होता आणि हिकमेत बे यांनी त्यांना पाण्याबद्दल दोनदा दंड केला होता. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"कंपनीचा पत्ता?"

पावतीवर पत्ता होता. त्याखालच्या नंबरावर मेलाहत हानिमने फोन लावून पाहिला होता. तिकडून टायरच्या दुकानाने उचलला होता.

"तरी अर्ज घेता येतो," तुलाय म्हणाली. "ज्यांनी ज्यांनी घेतली त्या प्रत्येकाने आपापला अर्ज करायचा. त्या आजींचं काम होईल, बाकीच्यांचंही होईल बहुतेक. तुमचं मात्र कठीण आहे."

"का?"

"तुम्ही तपासून समाधान झाल्याचं लिहून दिलंय. आणि एक आहे. उद्या कंपनी म्हणेल, आमचा माल उत्तम आहे, विचारा गावच्या निरीक्षकांना. म्हणजे बघा, समोरच्या पक्षाचे मुख्य साक्षीदार तुम्हीच." ती जरा थांबली. "आमच्या बाबांना तुम्ही म्हणाला होता, दह्यातलं पाणी लपत नाही. बाबा अजून सांगतात."

त्यांनी चहाखान्यातल्या दोघातिघांना अर्ज करा म्हणून सुचवून पाहिलं. सगळे चकित. "पण अबी, तुम्हाला तर कापसासारखी झोप लागते!" जेलाल मास्तरांनी तर सांगितलं की ते येत्या रविवारी किर्काआचला आपल्या मेहुण्यालाही व्याख्यानाला नेणार आहेत. नवा ग्राहक आणला तर चुंबकाची उशी फुकट मिळते. उशीने कदाचित कमरेला आराम पडेल.

रविवारी हिकमेत बे किर्काआचच्या मिनीबसमध्ये बसले. मेलाहत हानिम न विचारता शेजारी येऊन बसली. उतरताना ती म्हणाली, "मोजे पाहून घातलेत ना?"

ते कार्यालयाच्या दारात पोचले आणि आत एकच गलका झाला. "अगं बाई, तेच! झोपलेले काका!" अनोळखी बायका भोवती जमल्या. एकीने विचारलं, उजव्या कुशीवर झोपायचं की डाव्या? दुसरीने आपल्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितलं. अखिसारचेही बरेच जण मेहुणे, जावई घेऊन आले होते. ओकतायला तर आयतीच ईद उगवल्यासारखं झालं. "आमचे निरीक्षकसाहेब स्वतः आलेत! कुणी बोलावलं नाही, काही दिलं नाही, स्वतःहून! साहेब, दोन शब्द!" आणि त्याने माईक त्यांच्या हातात दिला.

समोर जेलाल मास्तर आशेने बघत होते.

"मी झोपलो होतो हे खरं आहे," हिकमेत बे म्हणाले. "कारण मी दोन ताटं पिलाव खाल्ला होता."

लोक हसले. त्यांना वाटलं, निरीक्षक विनोदी आहेत.

"गादी मी तपासली नाही. मला कुणीतरी पुन्हा निरीक्षक म्हणालं, म्हणून मी सही केली. त्या गादीवर माझी कंबर गेली आहे. चहाखान्यात मी कापसासारखी झोप लागते म्हणून सांगत होतो, ते खोटं होतं. रोज खोटं होतं."

"म्हणजे मी मेहुण्याला उगाच आणला?" जेलाल मास्तर उभे राहिले. आणि मग सगळं सभागृह जे हसलं, ते आधीसारखं हसू नव्हतं. हिकमेत बे यांनी आयुष्यात शिव्या खाल्ल्या होत्या, धमक्या ऐकल्या होत्या, एकदा अंगावर सडका टोमॅटो घेतला होता. पण आपल्याला कुणी असं हसलेलं त्यांना आठवत नव्हतं.

"काकांची तब्येत बरी दिसत नाही," ओकताय म्हणाला आणि माईक बंद झाला.

पण आठवडे बाजारात तीस वर्षं ओरडलेल्या माणसाला माईक कशाला लागतो? "आमच्या इमारतीत एक म्हातारी आहे!" हिकमेत बे ओरडले, तशी मागच्या रांगेतली पोरंही गप्प झाली. "तिने रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. हा माणूस म्हणाला म्हणून नाही. मी शेजारी बसून मान हलवत होतो म्हणून! ती जिन्यात पडून राहिली असती तर..." ते तसेच उभे राहिले, हात लोंबत, आणि कुणी हसलं नाही.

मग खुर्च्या सरकल्या. बुर्चूने पेटीची वायर काढली, ओकतायने अंगातला कोट काढून त्याची घडी घातली, आणि बघता बघता मांडव उठल्यासारखं झालं. लोक निघून गेले. किटली मात्र प्रत्येकाने घेतली. जेलाल मास्तरांच्या मेहुण्याने दोन घेतल्या.

पुढचे काही दिवस ग्राहक मंडळापुढे रांग होती. रांगेतला प्रत्येक जण हिकमेत बे यांच्याबद्दल काही ना काही बोलत होता, आणि ते रांगेशेजारी बाकावर बसून लोकांचे अर्ज लिहून देत ते ऐकत होते. बहुतेकांचे हप्ते रद्द झाले. सब्रियेमावशींचे पैसे सगळ्यात शेवटी परत आले. फक्त निरीक्षकांचा अर्ज, तुलायने आधीच सांगितल्याप्रमाणे, नामंजूर झाला. ते हप्ते अजून भरतायत. सोमा गावी राहणाऱ्या मेव्हणीचा फोन आला की त्यांच्या गावात एका भिंतीवर अजून ती जाहिरात आहे आणि मोज्याचं भोक लांबूनही दिसतं.

फ्रिज घ्यायला, गालिचा बघायला आता कुणी बोलावत नाही. बाजारात ते स्वतःचं खरबूज घेतात तेही पटकन, न हुंगता, पिशवीत टाकून.

असंच एका दुपारी सब्रियेमावशींनी दार वाजवलं. हातात औषधाची नवी डबी. "हिकमेत, डॉक्टरणीने गोळी बदलून दिली. जुनी संपवून ही घ्यायची की आजपासूनच? ती बोलली होती, पण माझ्या डोक्यात राहिलं नाही. तू बघून सांग."

हिकमेत बे यांनी चष्मा लावला. डबी उलटीसुलटी केली, आतला बारीक अक्षरांचा कागद उलगडला, डोळे अर्धवट मिटले. स्वयंपाकघरात मेलाहत हानिमने कांदा चिरणं थांबवलं. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता.

त्यांनी कागदाची घडी परत घातली. "मावशी, मला माहीत नाही."

"काय म्हणालास?" मावशींना अलीकडे जरा कमीच ऐकू यायचं.

"मला माहीत नाही!"

दार उघडं होतं. आवाज जिन्यातून वरपर्यंत गेला. वर कडी वाजली आणि हामदीने कठड्यावरून डोकं काढलं. "काय झालं? कोण ओरडलं?"

"काही नाही," मेलाहत हानिम सुरी हातात घेऊनच दारात आली. "हिकमेत बे यांना काहीतरी माहीत नाहीये."

हामदी बराच वेळ तसाच वाकून बघत राहिला. हिकमेत बे यांचे कान लाल झाले होते. त्यांनी खुंटीवरचा कोट काढला, मावशींचा हात धरला आणि डॉक्टरणीला विचारायला त्यांना घेऊन ते सावकाश, एकेक पायरी, जिना उतरू लागले.